नागवेकरांची मात्रा

आत्माराम नागवेकरांच्या टेबलावर एक पितळी पाटी होती. त्यावर कोरलेलं होतं, 'स्वीय सहायक'. आमच्या केंद्रात येणाऱ्या दहातल्या नऊ माणसांनी ती 'स्वयंसहायक' अशी वाचली आणि नागवेकरांनी त्या प्रत्येकाला शांतपणे दुरुस्त केलं. मी तिथे आवक-जावक कारकून होते. माझं टेबल त्यांच्या समोरच, त्यामुळे हा पाठ मी इतक्यांदा ऐकला की झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता.

आमचं केंद्र रत्नागिरीत खाडीच्या काठाला होतं. कौलारू इमारत, चार खोल्या, मागे काचेच्या टाक्या आणि सगळीकडे खाऱ्या चिखलाचा वास. काम चालायचं कालवांवर. कालव म्हणजे खाडीतल्या कातळाला चिकटून वाढणारा शिंपला. वरून बघाल तर दगड, आत मऊ जीव. आमच्याकडच्या बायका तो सुकतीला, म्हणजे ओहोटीला, फोडून काढतात आणि घरी त्याचं सुकं करतात. या कालवांची शेती करता येईल का, हा डॉ. मालिनी राजहंसांचा प्रश्न. त्या केंद्राच्या संचालक, मूळच्या सांगलीच्या. तरुणपणी रत्नागिरीत आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. सुकतीला साडी खोचून स्वतः गुडघाभर चिखलात उतरायच्या आणि शिंपले मोजायच्या. अशी पंचवीस वर्षं त्यांनी शिंपले मोजले होते.

आता अशा बाईंची डायरी सांभाळणं म्हणजे काय, ते नागवेकरांकडून शिकावं. दुसऱ्या कार्यालयात साहेबांची वेळ घड्याळावर ठरते. आमच्याकडे ती पाण्यावर ठरायची. नागवेकर पेठकिल्ल्यातले, समुद्र बघत वाढलेले. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, आणि त्यापुढे सहा तासांनी सुकती, हा हिशोब त्यांच्या बोटांवर असायचा. अष्टमीला भरती सहाला, पण पाणी जेमतेम हलतं. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला, आणि तेव्हा उधाण. हे सगळं ते वर्षाच्या सुरुवातीलाच डायरीच्या पानापानावर लिहून ठेवत आणि मग उरलेल्या जागेत बैठका, दौरे, पाहुणे बसवत. आधी पेन्सिलीने. नक्की झालं की शाईने. शाईने लिहिलेलं त्यांनी कधी खोडलेलं मी पाहिलं नाही.

मुंबईहून मोठ्या साहेबांचा फोन आला तर ते अदबीने सांगत, "मॅडम पाण्यात आहेत. सुकती संपली की बोलतील." एकदा पलीकडचे साहेब घाबरून म्हणाले, "मग कुणी काढत का नाही त्यांना बाहेर?" नागवेकर हसले नाहीत. ते कामाच्या वेळेत हसतच नसत. रिसिव्हर खाली ठेवून ते टाचण करायचे, आणि हसायचं काम माझ्याकडे असायचं.

त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांच्या पाण्याच्या वेळेचा, दुसरा त्यांच्या मराठीचा. परिपत्रक आलं होतं की सरकारी पत्रव्यवहार सगळा मराठीतून करायचा. मॅडमचं शास्त्र इंग्रजीतलं. त्या इंग्रजीत सांगत, नागवेकर लघुलेखनात घेत आणि टाइपरायटरवर बसत ते मराठी घेऊनच उठत. शब्द अडला की खिडकीबाहेर बघत बसायचे, अगदी भात शिजायची वाट बघावी तसे. आणि मग शब्द मिळायचा.

१९८६ साल उजाडलं तेव्हा मॅडमचं शेवटचं वर्ष होतं. डिसेंबर अखेरीला निवृत्ती. दोन वर्षं त्यांनी खाडीत एका लहानशा बांबूच्या मांडवाला रिकामे शिंपले ओवलेल्या दोऱ्या टांगून बघितल्या होत्या. पावसाळा सरला, पाणी पुन्हा खारट झालं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला कालवांची बारीक पिल्लं पाण्यात तरंगत येतात आणि मिळेल तिथे चिकटतात. त्या दोऱ्यांना ती चिकटली होती. बारा दोऱ्यांवर साधलं होतं, ते अर्ध्या खाडीवर साधतं का, हे बघायचं राहिलं होतं. त्यासाठी खाडीच्या पात्रात मांडव घालायला सरकारची मान्यता हवी होती, आणि ती दसऱ्याच्या आत हवी होती. दसरा चुकला की ते वर्ष गेलं, आणि मॅडमकडे पुढचं वर्ष नव्हतं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

फेब्रुवारीत प्रस्ताव तयार झाला. नागवेकरांनी विषय लिहिला, 'खाडीपात्रात कालव संवर्धन करण्यास मान्यता मिळणेबाबत'. मला आठवतंय, कागद रोलरवरच होता आणि ते त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते.

"कालव संवर्धन," ते म्हणाले. "उघडंबोडकं दिसतं गो. एकच कालव वाढवायचं असल्यासारखं."

मग कागद बदलून त्यांनी एक मात्रा वाढवली. 'कालवे संवर्धन'. शब्द भरदार झाला. मॅडमनी सही केली, मी जावक क्रमांक टाकला, पाकीट मुंबईला गेलं. तिघांपैकी एकालाही काही खटकलं नाही. आम्हाला दिवसभर डोळ्यांपुढे कालवंच होती, आम्हाला खटकणार कसं?

मार्च गेला, आंबे येऊन गेले, पाऊस लागला. स्मरणपत्रं तीन गेली. जुलैच्या शेवटी उत्तर आलं ते मीच फोडलं. पत्र आमच्या खात्याचं नव्हतंच. शेतीला पाणी पुरवणारं जे खातं असतं, त्याच्या, समुद्रापासून आतल्या एका तालुक्यातल्या उपविभागाचं होतं. लिहिलं होतं की कालवे संवर्धनाचा आपला प्रस्ताव योग्य कार्यवाहीसाठी इकडे प्राप्त झाला असून त्यास तत्त्वतः मान्यता आहे. तरी कालव्यांची एकूण लांबी, अस्तरीकरण झाले आहे किंवा कसे, साचलेला गाळ आणि भिजणारे क्षेत्र कळवावे. उपअभियंता स्थळपाहणीस येतील, त्यासाठी सोयीची तारीख व वेळ आपण द्यावी. त्यांचा अनुकूल शेरा मिळताच अंतिम आदेश निघेल.

मी पोट धरून हसले. मुंबईत कुणीतरी कालवे हा शब्द वाचला होता आणि त्याला दिसले होते पाण्याचे पाट. हसता हसता मी पत्र नागवेकरांपुढे ठेवलं आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं. ते पत्र वाचत नव्हते. ते फक्त त्या एका अक्षरावरच्या मात्रेकडे बघत होते.

"ही मीच दिली," ते म्हणाले.

चूक कळवून फाईल परत मागवायची म्हणजे ती मुंबईला जाणार, तिथून योग्य खात्याकडे वळणार आणि पुन्हा पहिल्यापासून चालू लागणार. दसरा अडीच महिन्यांवर होता.

पुढचं डोकं माझं, हे मी कबूल करते. मी म्हटलं, "नागवेकर, अहो, मान्यता तर आलीच आहे. शब्दही आपलेच आहेत. त्या साहेबांना अमावास्येला बोलवा, अकराच्या सुमाराला. उधाणाची भरती असेल, खाडी तुडुंब. त्यांना पाणी दिसेल, काठ दिसेल. लांबी विचारतील ती सांगू. शेरा मारून दुपारच्या एस.टी.ने जातील. आपले मांडव दसऱ्याला उभे."

नागवेकरांनी डायरी उघडली, अमावास्येचं पान काढलं आणि पेन्सिलीने लिहिलं, 'स्थळपाहणी, ११.१५'. ते पत्र त्यांनी टीपकागदाखाली सरकवलं. मॅडम आतच होत्या. आलेलं टपाल त्यांच्यापुढे गेलं नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होते. त्या दुपारी नागवेकरांनी चहा तसाच थंड होऊ दिला आणि एका साध्या पत्रात तीन खाडाखोडी केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र आणि डायरी घेऊन आत गेले. मॅडमच्या खोलीचं दार अर्धंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आणि मी ऐकत होते.

"मॅडम, चूक माझी आहे. एका मात्रेची."

पत्र वाचायला लागावा तेवढा वेळ गेला आणि मग मॅडमचं हसणं ऐकू आलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या असाव्यात, कारण मधे नाक पुसल्याचा आवाज आला. "खाली सही कुणाची आहे, नागवेकर? माझं माहेर सांगलीकडचं. आमच्या घरामागून कालवा जायचा. निदान माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "वेळ कोणती देताय त्यांना?"

"सव्वाअकराला भरती पुरी होईल. पाहुण्यांना नुसतं पाणी दिसेल. सव्वापाचला सुकती. कालवं उघडी पडतील."

"बरं."

"सव्वाअकराला बोलावलं तर दसऱ्याला मांडव उभे राहतील, मॅडम. सव्वापाचला बोलावलं तर फाईल परत फिरेल. हंगाम हातचा जाईल."

पंख्याचा आवाज येत राहिला. मग मॅडम म्हणाल्या, "डायरी तुम्ही लिहिता. मी आजवर ती फक्त बघत आले."

मला बाईंचा भयंकर राग आला. आपल्या अख्ख्या आयुष्याच्या कामाचा निर्णय एका स्वीय सहायकावर ढकलून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? नागवेकर बाहेर आले, खुर्चीत बसले, रबर काढून पेन्सिलीचं पुसलं, वरची धूळ फुंकली आणि शाईने लिहिलं, ५.१५.

"मॅडमचा शेवटचा हंगाम घालवलात तुम्ही," मी म्हटलं. "आणि वेळ काही खोटी नव्हती. सव्वाअकराला भरती असणारच होती."

"वेळ खरी, बोलावणं खोटं," ते म्हणाले. मग त्यांनी आतल्या कपाटाकडे मान केली. "तिथे एकवीस वह्या आहेत. प्रत्येक ओळीत पहिल्या रकान्यात पाण्याची वेळ आहे. त्या वेळा मी दिलेल्या. त्यांच्यावर विसंबून मॅडम चिखलात उतरल्या आणि पुढचे आकडे लिहिले. मी एकदा पाण्याची वेळ माणसाला फसवायला वापरली, तर त्या वह्यांची किंमत काय राहते?"

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

अमावास्येला पावसाने उघडीप दिली होती. उपअभियंता मोहिते साडेचारला आले. मध्यम वयाचे, साताऱ्याकडचे, पायांत गमबूट. बरोबर मापाची साखळी आणि लाल-पांढरे बांबू घेतलेला एक माणूस. नागवेकरांनी त्यांना चहा दिला आणि वेळेवर काठावर नेलं. मॅडम आधीच चिखलात होत्या. पाणी पार मधोमध गेलं होतं. इकडे कातळच कातळ, त्यावर चिकटलेली कालवं, आणि वाकून ती फोडणाऱ्या चार बायका.

मोहिते चौफेर बघत राहिले. "कालवा कुठंय?"

नागवेकरांनी चपला काढल्या, खाली उतरले आणि ओंजळीत एक शिंपला घेऊन वर आले. "साहेब, हे कालव. आम्ही याची शेती करणार आहोत. अर्जात मी एक मात्रा जास्त दिली आणि ते आपल्याकडचं, पाटाचं काम झालं. चूक माझी."

साखळीवाला माणूस तोंड फिरवून हसू लागला. मोहित्यांनी शिंपला उलटासुलटा करून पाहिला. मॅडम चिखलाच्या हातांनी वर आल्या आणि त्यांना बांबूचा तो छोटा मांडव, दोऱ्या, पिल्लं कधी येतात, कशी चिकटतात, सगळं सांगू लागल्या. माणूस हुशार होता, प्रश्नही नेमके विचारत होता. शेवटी तो नागवेकरांना म्हणाला, "तुम्ही मला सकाळी बोलावलं असतं तर हे सगळं पाण्याखाली असतं, नाही का? मी पाणी बघून सही केली असती आणि गेलो असतो."

"होय. म्हणून तर पाचची वेळ दिली."

कालवं काढणाऱ्यांतली गंगुबाई इतका वेळ ऐकत होती. तिने एक शिंपला फोडून त्यांच्यापुढे धरला. "पावसात रोड असतात हो ही. खायची तर दिवाळी सरूंदे, मंग या. तवा भरलेली देतंय."

मोहित्यांनी तिथेच फायलीवर शेरा लिहिला. फाईल तातडीने योग्य खात्याकडे द्यावी, असं खाली लाल शाईने रेघ मारून लिहिलं. पण बिचाऱ्याला गंमत करायची हुक्की आली असावी. वर पहिलं वाक्य होतं, 'स्थळपाहणी केली. जागेवर कालवा नाही, कालवे आहेत.' आम्हाला ते इतकं आवडलं की मी त्याची नक्कल करून घेतली. मॅडमही खूश झाल्या. या शेऱ्याने फाईल सप्टेंबरात सुटेल, असं मोहिते स्वतः म्हणाले, आणि आम्हाला पुन्हा दसरा दिसू लागला.

मुंबईत तो शेरा वाचणाऱ्याला एवढंच कळलं की जागेवर एक कालवा नसून अनेक कालवे आहेत. फाईल पुन्हा पाटाच्या खात्याकडे गेली आणि 'सर्व कालव्यांची स्वतंत्र माहिती द्यावी' असं पत्र आलं, तेव्हा दारावर दसऱ्याचं तोरण सुकलेलं होतं.

त्या दिवशी नागवेकरांनी स्वतःच ते पत्र आत नेलं. मॅडमनी वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "आज सुकती कधी?" त्यांनी सांगितलं. मॅडम साडी खोचून पाण्याकडे गेल्या आणि बारा दोऱ्यांवरची पिल्लं मोजत बसल्या. मला रडू येत होतं. नागवेकर नवा खुलासा टाइप करत होते. त्यात त्यांनी 'कालव नावाचा शिंपल्यातील जीव' असं तब्बल नऊ वेळा लिहिलं आणि कालवे हा शब्द एकदाही येऊ दिला नाही. तेव्हापासून तो त्यांनी टाकलाच. अनेकवचन आलं की 'कालव जातीचे जीव' लिहायचे. वाचताना दम लागायचा, पण सांगणार कोण?

एकतीस डिसेंबरलाही अमावास्याच होती. निरोप समारंभाची वेळ मोठ्या साहेबांनी संध्याकाळी पाचची सुचवली होती, नागवेकरांनी ती बदलून तीन करून घेतली. त्या पानावर शेवटची नोंद होती, 'सुकती ५.१५'. हार-तुरे संपवून मॅडम शेवटचं मोजायला उतरल्या. वर आल्यावर त्यांनी पाय धुतले, बाविसावी वही नागवेकरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वेळ बरोबर होती." इतक्या वर्षांत त्यांनी दिलेली एवढीच शाबासकी मला ठाऊक आहे.

मान्यता फेब्रुवारीत आली. पुढच्या दसऱ्याला मांडव घातले गेले. नवे संचालक सज्जन होते, त्यांनी मॅडमच्या आराखड्यात एक बांबूही हलवला नाही. मॅडम निवृत्तीनंतर सांगलीला परतल्या होत्या; नागवेकर त्यांना दर महिन्याला एक कार्ड टाकत. दोऱ्या किती, पिल्लं किती, पावसात मेली किती. मायन्यात तब्येतपाण्याची चौकशी दीड ओळीची.

आणि १९८८च्या डिसेंबरातल्या पौर्णिमेला पहिल्या दोऱ्या वर काढायचं ठरलं. नव्या साहेबांनी मॅडमना आग्रहाने बोलावलं. त्या सांगलीहून एस.टी.ने आल्या, थोड्या वाळल्या होत्या, हातात काठी होती. नागवेकर स्टँडवर आणायला गेले. त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते.

पाणी सव्वापाचला उतरलं. मॅडमना चिखलात उतरवेना म्हणून त्या काठावरच्या कातळावर बसल्या, आणि एकेक दोरी वर आली. दोरी दिसतच नव्हती, नुसता शिंपल्यांचा घोस. गंगुबाई आणि तिच्या सोबतिणी फोडायला बसल्या. पहिलं फोडलेलं कालव गंगुबाईने मॅडमच्या हातावर ठेवलं. "बघा बाई. भरलेला हाय." मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं, कारण त्यांच्या डोळ्यांकडे बघणं मला जमेना.

थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, "नागवेकर, लिहा."

नागवेकरांनी पिशवीतून लघुलेखनाची वही काढली. ती ते बरोबर घेऊन आले होते, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. ते मॅडमच्या शेजारी, एक पायरी खाली बसले.

"श्री. मोहिते, उपअभियंता यांस. सप्रेम नमस्कार. आमच्या गंगुबाईंनी आपल्याला दिवाळीनंतरचा वायदा केला होता. त्याला दोन वर्षं उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. या पत्रासोबत…"

नागवेकरांची पेन्सिल थांबली. त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"मॅडम, कालव लिहू की कालवे?"

मॅडमनी बायकांपुढच्या टोपल्यांकडे पाहिलं. पाच भरल्या होत्या, सहावी भरत होती.

"कालवे लिहा," त्या म्हणाल्या. "आता पुष्कळ आहेत."

नागवेकरांनी मात्रा दिली. आणि कामाच्या वेळेत, माझ्या देखत, पहिल्यांदाच हसले.